रक्ताच्या कर्करोगाची पारख

दोन मुलें डोळ्यांपुढें आणा. दोघांचाहि ताप हटत नाहीं, चेहरा फिकट पडला आहे, आणि मार लागला नसतांहि अंगावर काळेनिळे डाग उमटत आहेत. रक्ताचा थेंब कांचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तों दोघांच्याहि रक्तांत त्याच मोठ्या, गोल, अपक्व पांढऱ्या पेशी! हा ल्यूकेमिया, एवढें ठरलें. पण कोणता? एकाचा रोग लिंफॉइड कुळांतला, दुसऱ्याचा मायलॉइड कुळांतला. पहिल्यावरील उपचार दोन ते तीन वर्षें चालतात. दुसऱ्यावरील औषधें वेगळीं आणि अधिक कडक. येथें नांव चुकलें तर औषधहि चुकतें.

जर्मनींत रुडॉल्फ फिर्खो यांनीं १८४५ सालीं या रोगाचें वर्णन केलें व १८४७ सालीं त्यास ल्यूकेमिया हें नांव दिलें. पुढें शंभराहून अधिक वर्षें वैद्यांची मुख्य मदार डोळ्यावर होती. परंतु डोळ्याला आकार दिसतो, कुळ नेहमींच दिसत नाहीं. तें ओळखण्याच्या आजच्या साधनाचें नांव फ्लो सायटोमेट्री.

प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर, आणि पोटांतहि, कांहीं विशिष्ट प्रथिनें असतात. पेशीचें कुळ कोणतें व ती कितपत पक्व झाली आहे, याचीं तीं चिन्हें होत. कपाळावर उभें गंध आहे कीं आडवें भस्म, यावरून वैष्णव कोण व शैव कोण हें आपण ओळखतों, तसेंच हें. मात्र हीं चिन्हें हुडकण्यास प्रतिपिंडें लागतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठराविक प्रथिनालाच नेमकें चिकटणारें द्रव्य. केंब्रिज येथें जॉर्जेस कोलर व सेझार मिलस्टाइन यांनीं १९७५ सालीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं तयार करण्याची युक्ति शोधली. १९८४ सालीं नील्स येर्ने यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९८२ सालीं पॅरिस येथें जमलेल्या शास्त्रज्ञांनीं या चिन्हांना ‘सीडी’ हें उपपद लावून क्रमांक देण्याची रीत घातली.

आतां यंत्राकडे वळूं. रक्ताचा किंवा हाडांतील मगजाचा थोडा नमुना घेऊन त्यांत निरनिराळे चमकते रंग जोडलेलीं प्रतिपिंडें मिसळतात. ज्या पेशीवर जें चिन्ह, त्याचाच रंग तिला लागतो. मग भोंवतालच्या वेगवान द्रवाच्या साह्यानें पेशींची धार इतकी बारीक करतात कीं, पंढरपुरास दर्शनाच्या बारींत माणसें सरकतात तशा त्या एकीमागून एक पुढें जातात. वाटेंत लेसरचा किरण त्यांच्यावर पडतो. सरळ पुढें विखुरलेला प्रकाश पेशीचें आकारमान सांगतो. बाजूस विखुरलेला प्रकाश तिच्या पोटांतील कणांची दाटी सांगतो. आणि उजळलेले रंग तिचीं चिन्हें सांगतात. सेकंदाला हजारों पेशी अशा तपासल्या जातात. संगणक प्रत्येकीसाठीं पडद्यावर एक ठिपका मांडतो, आणि सारख्या पेशींच्या ठिपक्यांचे पुंजके बनतात.

हे पुंजके वाचणें हें तज्ज्ञाचें काम. एका चिन्हावरून निर्णय होत नाहीं. अनेकांची जुळणी पाहावी लागते. सीडी ३४ हें सामान्यतः अपक्वतेचें चिन्ह. सीडी १९ बी-पेशीचें. पेशीच्या पोटांतील सीडी ३ टी-पेशीचें. मायलोपेरॉक्सिडेज मायलॉइड कुळाचें. उतारवयांत आढळणाऱ्या एका दीर्घकालीन ल्यूकेमियांत सीडी १९ बरोबर सीडी ५ व सीडी २३ हीं एकत्र दिसतात. शिवाय निरोगी बी-पेशींवर कॅप्पा व लॅम्ब्डा या दोन साखळ्यांपैकीं कोणतीहि एक असते, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळून असतात. बहुतेक सर्वांवर एकच साखळी आढळली, तर ती सारी प्रजा एकाच मूळ पेशीपासून वाढली, असा दाट संशय येतो.

तथापि हें यंत्र एकटें न्यायाधीश नव्हे. सूक्ष्मदर्शक व गुणसूत्रांची तपासणी यांची साक्षहि घ्यावी लागते. एका प्रकारच्या मायलॉइड ल्यूकेमियांत रक्तस्राव इतक्या लवकर प्राणघातक होतो कीं, नुसता संशय येतांच उपचार सुरू करतात; पक्क्या निदानाची वाट पाहत नाहींत.

उपचारानंतरहि हें यंत्र उपयोगी पडतें. मगजांत अपक्व पेशी शंभरांत पांचांहून कमी झाल्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या मतें रोग हटला. परंतु फ्लो सायटोमेट्री दहा हजार पेशींत दडलेली एक रोगट पेशीहि शोधूं शकते. मुलांच्या लिंफॉइड ल्यूकेमियांत त्या शेषावरून पुढील औषध सौम्य ठेवावें कीं कडक करावें, हें ठरवितात.

शेवटीं घरच्या माणसांसाठीं दोन गोष्टी. पेशी जिवंत असतात तोंवरच त्यांचीं चिन्हें नीट वाचतां येतात. म्हणून नमुना प्रयोगशाळेंत वेळेवर पोंचला पाहिजे. दुसरी अधिक महत्त्वाची. ताप वा गांठी यांवर निदानापूर्वींच स्टेरॉइड दिल्यास लिंफॉइड कुळांतील रोगट पेशी तात्पुरत्या विरघळतात, आणि रोग लपून बसतो. असें औषध अगोदरच चालू असेल, तर तें आपल्या मनानें बंद करूं नये. पण डॉक्टरांना अवश्य सांगावें. यंत्र कितीहि चतुर असो, समोर आलेल्या पेशीलाच तें ओळखूं शकतें.