फर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्राण्याचे कातडे त्यावरील केसांसकट कमावून वस्त्रासाठी वापरले जाते, तेव्हा त्याला फर म्हणतात. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या गावात, जिथे हिवाळा स्वेटर-शालीवर निभावतो, हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नागझिऱ्याचे जंगल याच तालुक्याला लागून असल्यामुळे आणि कातड्याच्या व्यापाराचे एक टोक नेहमी अशाच एखाद्या जंगलात असल्यामुळे, त्याविषयीचे प्रचलित समज येथे तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

गैरसमज : फर हा थंड देशांचा प्रश्न आहे, विदर्भाशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : वापर थंड प्रदेशात होत असला, तरी पुरवठा उष्ण प्रदेशांतूनही होत आला आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटमध्ये एकाच वेळी वाघांची ३१, बिबट्यांची ५८१ आणि पाणमांजरांची ७७८ कातडी पकडली गेली आणि त्यांचा माग भारतापर्यंत पोहोचला. गोळीच्या छिद्राने कातड्याची किंमत उतरते, म्हणून शिकारी जबड्यासारखा मिटणारा लोखंडी सापळा किंवा विष वापरतात, आणि त्यात जनावराचे मरण लांबते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वाघ-बिबट्याच्या शिकारीस तसेच त्यांच्या कातड्याच्या व्यापारास किमान ३ ते कमाल ७ वर्षांचा कारावास आहे.

गैरसमज : लोकर आणि फर एकच आहेत.

वस्तुस्थिती : मेंढीची लोकर कातरली जाते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा वाढते; फरसाठी मात्र कातडे सोलावे लागते, त्यामुळे प्राण्याचा जीव घेतल्याखेरीज ती मिळत नाही.

गैरसमज : आता फर पाळीव प्राण्यांपासून मिळते, त्यामुळे तिच्यात गैर काही उरलेले नाही.

वस्तुस्थिती : जगातील बहुतांश फर खरोखरच फार्मवरून येते, परंतु तेथे मिंक (मुंगसासारखा दिसणारा, पाण्याकाठी राहणारा प्राणी) आणि कोल्हे आयुष्यभर जाळीच्या अरुंद पिंजऱ्यात राहतात आणि कातडे खराब होऊ नये म्हणून त्यांना वायूने किंवा विजेच्या धक्क्याने मारले जाते. अशी दाटीवाटी रोगांनाही पोसते : मिंकमध्ये करोना विषाणू पसरल्यामुळे डेन्मार्कने नोव्हेंबर २०२० मध्ये देशातील सर्व मिंक मारण्याचा निर्णय घेतला आणि त्यांची संख्या दीड कोटीच्या आसपास होती.

गैरसमज : परंपरेने चालत आलेला पोशाख लोक आवाहनाने सोडत नाहीत.

वस्तुस्थिती : याचे सर्वांत ठळक उत्तर तिबेटी समाजाने दिले आहे, आणि हा समाज या भागाला परका नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९९९ च्या जिल्हाविभाजनानंतर ती गोंदियात मोडते. तिबेटमध्ये ‘छुपा’ या पायघोळ वस्त्राला वाघ, बिबट्या किंवा पाणमांजराच्या कातड्याची किनार लावणे प्रतिष्ठेचे मानले जाई आणि मध्य भारतातील वाघांवर या मागणीचा भार पडत असे. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कालचक्र या बौद्ध विधीच्या वेळी तिबेटी धर्मगुरू दलाई लामांनी अशी वस्त्रे वापरू नका, असे आवाहन केले, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिबेटमधील अनेक गावांत लोकांनी आपली मौल्यवान कातडी स्वतःहून जाळली. मागणी ही प्रतिष्ठेच्या कल्पनेवर उभी असते. ती कल्पना बदलली की जे कायद्याला अनेक वर्षांत साधले नाही, ते महिन्याभरात घडू शकते. फॅशन कंपन्यांपैकी गुच्चीने २०१७ मध्ये आणि प्राडाने २०१९ मध्ये फर सोडण्याची घोषणा केली, तीही ग्राहकाच्या बदललेल्या नजरेमुळेच.

गैरसमज : कोसा (टसर रेशीम) वापरणाऱ्या जिल्ह्याला फरविरुद्ध बोलण्याचा अधिकार नाही.

वस्तुस्थिती : ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशातून अखंड धागा काढण्यासाठी आतील जीव उष्णतेने मारला जातो, हे खरे आहे, आणि पतंग बाहेर पडल्यानंतरच्या फुटक्या कोशापासूनही सूत काढता येते, हेही खरे आहे. हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा असला, तरी एका हिंसेचे अस्तित्व हे दुसऱ्या हिंसेचे समर्थन होत नाही.

गैरसमज : कृत्रिम फर घेतली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : कृत्रिम फर बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरची, म्हणजे प्लॅस्टिकच्या कुळातील असते आणि तिचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात, मात्र खरी फरही कुजू नये म्हणून रसायनांनी कमावलेली असल्यामुळे ती ‘नैसर्गिक’ ठरत नाही. शिवाय कृत्रिम म्हणून विकलेली वस्तू तशीच असते, याची खात्री नसते. जॅकेटची कॉलर किंवा किल्लीचा गोंडा घेताना केस बाजूला सारून बुडाशी पाहावे : विणलेली जाळी दिसली तर वस्तू कृत्रिम, आणि कातडे दिसले तर ते एखाद्या प्राण्याचे असते.