पेपरवाल्यांनीच चोरले फोनमधले निरोप! ब्रिटनचं ते प्रकरण नेमकं काय?

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा ब्रिटनमधला १६८ वर्षं जुना रविवारचा पेपर. मालक रूपर्ट मर्डोक. तिकडं फोन उचलला नाही तर समोरचा आवाजात निरोप ठेवतो. पिन माहीत असला की तो दुसऱ्या फोनवरूनही ऐकता येतो. बऱ्याच जणांनी कंपनीनं दिलेला पिन बदललेलाच नव्हता. झालं, चोराला दार उघडंच!

२००७ मध्ये एक बातमीदार अन् एक खासगी गुप्तहेर जेलात गेले. 'एकट्याचं काम' म्हणून कंपनीनं हात झटकले. पण जुलै २०११ मध्ये 'गार्डियन'नं छापलं, की २००२ साली बेपत्ता झालेल्या १३ वर्षांच्या पोरीचेही निरोप यांनी ऐकले होते. आईबाप तिची वाट बघत होते, अन् तिचा खून झालेला होता. लोक खवळले. आठवड्याभरात पेपर बंद.

माहितीसाठी पोलिसांना पैसे चारल्याचंही निघालं. काही पोलीस जेलात गेले.

न्यायमूर्ती लेव्हसन यांनी २०१२ मध्ये सुचवलं, पेपरांवर स्वतंत्र संस्था हवी, तिला कायद्याचा आधार हवा. पेपरवाले म्हणाले, सरकारचा हात आला तर सरकारविरुद्ध छापणार कोण? म्हणणं अगदीच खोटं नाही. हे प्रकरणही पेपरनंच बाहेर काढलं. बहुतेक मोठ्या पेपरांनी २०१४ मध्ये स्वतःचीच 'इप्सो' संस्था काढली. चौकशीचा दुसरा भाग, ज्यात पोलीस अन् पेपरांचं साटंलोटं तपासायचं होतं, तो सरकारनं २०१८ मध्ये गुंडाळला.