सांध्यांची गोष्ट – ९ : न जुळलेलं हाड आणि न दिसणारी कूर्चा

लावणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरकडचे बांध शेवाळून निसरडे होतात. पाय सटकला की माणूस हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. कोथळीगडाच्या वाटेवर घसरणाऱ्या मुंबईकराचंही हेच होतं. अंगठ्याच्या मुळाशी थोडी सूज येते. ‘मुका मार’ म्हणून हळदीचा लेप लागतो आणि माणूस पुन्हा चिखलात उतरतो. अशा वेळी कधी कधी आत मोडलेलं असतं ते स्कॅफॉइड, मनगटातलं काजूच्या घाटाचं एक छोटं हाड.

या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. ७० ते ८० टक्के रक्त बोटांकडच्या भागातून शिरून कोपराच्या दिशेने जातं. मध्ये भेग पडली की मागच्या तुकड्याची उपासमार होते. त्यात ही भेग पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. म्हणून अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखलं, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी प्लास्टर घालून १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. पण लावणी काही फोटोसाठी थांबत नाही, दुसरी फेरी राहून जाते.

हाड जुळलं नाही की दोन्ही तुकडे आपापल्या मर्जीने हलू लागतात. पुढचा तुकडा वाकून रेडियसच्या, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, टोकाशी घासतो. कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, आधी तिथे झिजते, मग स्कॅफॉइड आणि शेजारच्या कॅपिटेट हाडामध्ये, त्यानंतर कॅपिटेट आणि मनगटातल्याच लुनेट हाडामध्ये. रेडियस-लुनेटचा सांधा मात्र बहुधा शाबूत राहतो. १९८४ साली मॅक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशी न जुळलेली हाडं तपासली. ज्यांच्यात बदल त्या हाडापुरतेच होते त्यांच्या दुखापतीला सरासरी ८ वर्षं झाली होती, रेडियसकडचा सांधा झिजलेल्यांच्या १७ आणि मनगटभर झीज पसरलेल्यांच्या जवळपास ३२ वर्षं. विशीत पडलेल्याचं मनगट ऐन कर्त्या वयात का कुरकुरतं, ते यातून कळतं.

ही झीज बघायची कशी? १८९५ साली रोंटगेन यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि अंगठी उमटली. कूर्चेच्या जागी नुसती फट. आजच्या एक्स-रेतही तेच. फट अरुंद दिसू लागते तोवर बरीचशी कूर्चा गेलेली असते.

मग एमआरआय काढतात, आणि घोळ इथेच होतो. मनगटातली कूर्चा जेमतेम १ मिलिमीटर जाड, तर एमआरआयचा एकेक काप अनेकदा २-३ मिलिमीटरचा. छोटा खड्डा त्यात सहज हरवतो. ३ टेस्लाचं यंत्र आणि मनगटासाठीची खास कॉइल असेल तर चित्र सुधारतं. तरीही ‘एमआरआय नॉर्मल’ या दोन शब्दांवर कूर्चेचा भरवसा ठेवू नये, असं माझं मत. मागच्या तुकड्यात जीव आहे का, या प्रश्नाला एमआरआय चांगलं उत्तर देतो. कूर्चेसाठी सीटी आर्थ्रोग्राम सरस: सांध्यात आयोडीनयुक्त द्रव टोचायचा आणि मिलिमीटरहून पातळ काप घ्यायचे. जिथे कूर्चा फाटली असेल तिथे द्रव शिरून पांढरी रेघ उमटते. सुई टोचावी लागते, थोडा किरणोत्सर्ग होतो. पण मनगट धडापासून लांब असल्याने तो फारसा चिंतेचा नाही. सरतेशेवटी दुर्बीण आत घालून, सळईने चाचपून बघणं आहेच.

एवढा खटाटोप शस्त्रक्रिया ठरवण्यासाठी. कूर्चा शाबूत असेल तर कमरेचं हाड भरून स्क्रूने तुकडे जोडता येतात. झीज पुढे गेली असेल तर सर्जनची नजर कॅपिटेटच्या डोक्यावर असते. ते गुळगुळीत असेल तर मनगटातल्या हाडांची पहिली रांग काढून कॅपिटेट थेट रेडियसवर टेकवतात. तेही खरबरीत झालं असेल, तर स्कॅफॉइड काढून उरलेल्यांपैकी चार हाडं एकत्र सांधतात आणि सगळी भिस्त रेडियस-लुनेटच्या सांध्यावर राहते. म्हणून खोपोलीहून पनवेलला स्कॅनसाठी जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मनगट’ असून भागत नाही. जुनं फ्रॅक्चर, त्याचं साल आणि कॅपिटेटबद्दलचा प्रश्न, हे तिन्ही त्यावर हवं.