मोटारसायकलचा दिवा मंद कां जळतो?

पावसाळी रात्रीं घाट उतरणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा सारा भरंवसा पुढच्या दिव्याच्या झोतावर असतो. झोत मंद असला, तर वळणावरील खड्डा किंवा रस्त्यावर आलेली दरड त्याला फार उशिरां दिसते. अशा वेळीं बहुतेकांना एकच उपाय सुचतो. तो म्हणजे अधिक वॅटचा दिवा आणून बसविणें. परंतु पुष्कळदां दोष दिव्याचा नसतो. त्याच्यापर्यंत वीज आणणाऱ्या वाटेचा असतो.

ही वाट किल्लीच्या कुलुपांतून, हँडलवरील बटनांतून आणि बारीक तारांच्या अनेक जोडांतून जाते. प्रत्येक गंजलेला जोड प्रवाहाला थोडें अडवितो. १२ व्होल्टांपैकीं दीड व्होल्ट असा वाटेंतच खर्च झाला, तर दिव्यास साडेदहाच मिळतात. दाब घटला एक-अष्टमांश; पण तापलेल्या तंतूचा प्रकाश त्याहून फार झपाट्यानें घटतो व एक-तृतीयांशाहून अधिक प्रकाश नाहींसा होतो.

अशाच तारांवर १०० वॅटचा दिवा चढविला तर काय होईल? ६० वॅटच्या दिव्याला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटच्याला आठांहून अधिक. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. म्हणजे ती जवळजवळ पावणेतीनपट होते. होल्डर वितळतो, बटन जळतें, आणि दिवा नेमका वळणावर विझण्याची पाळी येते.

म्हणून आधीं दिवा पेटवून बॅटरीच्या टोकांशीं आणि मग दिव्याच्या टोकांशीं दाब मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टाहून जास्त असल्यास जोड घासून स्वच्छ करावे. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर रिले बसवावा. जुनें बटन मग केवळ रिलेला इशारा देण्यापुरता अल्प प्रवाह वाहतें. दिव्याचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून जाड तारेनें, रिलेमधून थेट येतो. लांबच्या व जवळच्या झोतासाठीं दोन रिले लागतात, बॅटरीलगत फ्यूज हवाच, आणि परतीची तारही तितकीच जाड असावी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कित्येक लहान गाड्यांत दिवा बॅटरीवर नसून इंजिनावरील जनित्राच्या उलटसुलट प्रवाहावर जळतो. तेथें तो बॅटरीला जोडल्यास बॅटरी लवकरच रिकामी होते. शिवाय भारतांत एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. त्यामुळें अधिक वॅटचा भार जनित्रावर दिवसाही पडतो.

राहतो प्रश्न समोरून येणाऱ्याचा. एच-४ जातीच्या दिव्यांत जवळच्या झोताच्या तंतूखालीं पत्र्याची लहानशी वाटी असते. ती प्रकाशाला परावर्तकाच्या खालच्या भागावर पडूं देत नाहीं; म्हणून झोत वर न उसळतां रस्त्यावर पडतो. याच परावर्तकांत भलत्या घडणीचा एल्‌ईडी दिवा खुपसल्यास प्रकाशाचें उगमस्थान बदलतें, किरण विखुरतात, आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दिपलेला चालक आपल्याच अंगावर येऊं शकतो, हें विसरूं नये.

सारांश, दिवा बदलण्यापूर्वीं विजेची वाट मोकळी करावी. मूळच्या ६० वॅटांतच पुरेसा उजेड असतो. तो दिव्यापर्यंत पोंचला पाहिजे, आणि तेथून रस्त्यावरच पडला पाहिजे.