कडी लागते का?

वर्गात एक करंगळी वर होते. "बाई, जाऊ?" बाई फळ्यावरून नजर न हटवता मान हलवतात. शाळेत हे रोज इतक्यांदा घडतं की कुणी त्याकडे पाहतसुद्धा नाही. पण ती करंगळी वर होण्याआधी त्या मुलाच्या शरीरात जे घडून गेलेलं असतं, ते ऐकलं की थक्क व्हायला होतं.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरत जाते तशी तिची भिंत ताणली जाते आणि त्या ताणाची वर्दी पाठीच्या कण्यातून वर, मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोहोचते. तिथे पेशींचं एक इवलंसं केंद्र आहे. ते एकाच वेळी दोन हुकूम देतं: पिशवीने आवळायचं आणि खालच्या झडपेने सैल व्हायचं. गंमत अशी की हे केंद्र कायम हुकूम द्यायला टपलेलं असतं आणि कपाळामागचा मेंदू त्याला फाटकावरच्या शिपायासारखा अडवून धरतो. या शिपायाचे प्रश्न ठरलेले. ही वेळ बरी आहे का? ही जागा बरी आहे का? कुणी बघतंय का? समाधान झालं तरच फाटक उघडतं. म्हणूनच कितीही लागलेली असली, तरी शेजारी कुणी उभं असेल तर काही जणांना लघवी होतच नाही. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 1954 साली या त्रासाला रीतसर नावही दिलं. म्हणजे आडोसा ही नुसती सभ्यतेची बाब नाही. शरीराचं एक काम त्याच्यावाचून अडतं.

आता हे शरीर चंद्रपुरात आणून बसवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि मार्चपासून सकाळची शाळा सुरू होते तेव्हा पारा चाळिशीकडे धावत असतो. मुलांच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर मंडळींचा एक सोपा हिशेब आहे: वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा. दहा वर्षांच्या मुलीचे झाले 360 मिलीलिटर. तिच्या दप्तरातली बाटली लिटरभराची. अशा उन्हात ती बाटली संपायलाच हवी, आणि संपली तर करंगळी दोन-तीनदा वर व्हायलाच हवी. पण बाईंनी "जा" म्हटल्यावर जायचं कुठे, हे मुलीला ठाऊक असतं. म्हणून ती वेगळाच उपाय शोधते: पाणीच प्यायचं नाही. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, मोठेपणीही जेमतेम चार सेंटिमीटर. पाणी कमी आणि लघवी तुंबलेली, म्हणजे जंतूंना आयती सवड. लघवीच्या जळजळीची सुरुवात पुष्कळदा बाटलीच्या न उघडलेल्या झाकणापासून होते.

जगभरात सध्या एक वाद जोरात आहे. माध्यमिक शाळांमधून मुलामुलींची स्वच्छतागृहं एकत्र असावीत का? आमच्याकडच्या मूल, नवरगाव किंवा आरमोरीच्या पालकसभेत हा प्रश्न टाकून पाहा. "काहीतरीच काय!" यापलीकडे उत्तर मिळणार नाही. पण तेच पालक सभा संपवून घरी जातात तेव्हा सासू, सून, मुलगा, पाहुणा, सगळे एकाच संडासात जातात. बल्लारशाहून रेल्वेत बसलं की डब्याच्या टोकाच्या संडासाच्या दारावर बायका-पुरुष अशी पाटी नसते. त्या दारासमोर बायका आणि पुरुष एकाच रांगेत उभे राहतात आणि कुणाच्याही अब्रूला धक्का लागत नाही. आपल्याला न कळत आपण आयुष्यभर एकत्र स्वच्छतागृह वापरत आलो आहोत. तिथे चालतं ते शाळेत का चालत नाही?

रेल्वेच्या त्या दाराकडे जरा नीट बघू. भिंती छताला भिडलेल्या. दार खालपासून वरपर्यंत सलग. आत कडी. नळ आतच, बेसिन आतच. ती खरी म्हणजे एक खोली आहे, आणि तिथे शिपायाच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळतं. आता शाळेतली मुतारी आठवा. कमरेएवढी किंवा खांद्याएवढी आडभिंत, वर आभाळ. जिथे दार आहे तिथे पत्रा खालून गंजलेला, कोयंडा निखळलेला, आणि आतल्या मुलीने मैत्रिणीला बाहेर दार धरून उभं केलेलं. पाणी अंगणातल्या हापशीवर. तिथून बादली भरून सगळ्या शाळेदेखत न्यायची. अशा जागेवर "मुले" आणि "मुली" ही अक्षरं रंगवली नाहीत तर अनर्थच होईल. ते दोन शब्द तिथे दाराचं काम करत असतात.

नुसत्या वेगळेपणाने काय होतं, हे पाहायला गडचिरोलीइतकी दुसरी जागा नाही. धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांतल्या अनेक माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाई घरात राहत नाही. गावाच्या कडेला कुर्माघर असतं, तिथे ती दिवस काढते. पुरुष तिकडे फिरकत नाही. बायकांची याहून वेगळी, याहून राखीव जागा कल्पनेतही येणार नाही. पण या झोपड्यांत वर्षानुवर्षं ना धड दार, ना पाणी, ना संडास. विधीसाठी रात्री जंगलाकडेच जायचं, तेही साप-विंचवांच्या राज्यात. 2021 साली धानोरा तालुक्यातल्या तुकुमला एका स्वयंसेवी संस्थेने नवं कुर्माघर बांधून दिलं. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या भिंती, आत खाटा, संडास-बाथरूम, सौर दिवा. प्रथा मोडायची सोडून तिला पक्कं घर कशाला बांधून देता, अशी टीका झाली. ती मला पटते. तरी त्या बायकांना मधल्या काळात कडी मिळाली, हेही खरं आहे.

एका टोकाला रेल्वेचा डबा: एकत्र, पण सुरक्षित. दुसऱ्या टोकाला जुनं कुर्माघर: पूर्ण वेगळं, आणि उघडंवाघडं. दारावरच्या पाटीने काय साधतं आणि काय नाही, ते या दोन टोकांत दिसतं.

ही पाटी आली कुठून? ती अनादि नाही. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत असा अमेरिकेतला पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने 1887 साली केला, तोही कारखान्यांसाठी. बायका गिरणीत कामाला येऊ लागल्या होत्या आणि समाजाला त्यांचं काय करावं सुचत नव्हतं. पुढच्या तीन-चार दशकांत तिथल्या बहुतेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. आपल्याकडे शाळांच्या बाबतीत हे फार उशिरा आलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आली. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सगळ्या शाळांत ती बांधा म्हणून बजावलं आणि 2014 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून वर्षाची मुदत जाहीर झाली. विटा रचल्या गेल्या, रंग लागले. पाण्याचं आणि झाडूवाल्याचं काय, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विटांच्या हिशेबात बसला नाही.

आणि आता मला सगळ्यांत चकित करणारी गोष्ट. अर्थतज्ज्ञ अंजली अदुकिया यांनी भारतातल्या एक लाखाहून जास्त शाळांची आकडेवारी तपासली. 2003 च्या सुमारास सरकारी योजनेतून ज्या शाळांत स्वच्छतागृहं आली तिथे पटसंख्येचं काय झालं, हा त्यांचा शोध. 2017 साली निष्कर्ष छापून आले. लहान वर्गांत कसलंही स्वच्छतागृह आलं, एकत्र का असेना, तरी मुलं-मुली दोघांचाही पट वाढला. लहान मुलींना तर त्याचा चांगलाच फायदा झाला, कारण उघड्यावरच्या घाणीने लहान मुलं अधिक आजारी पडू शकतात. पण मुलगी वयात आली की चित्र पालटतं. तिथे एकत्र स्वच्छतागृहाने मुला-मुलींच्या पटातली दरी बुजली नाही. ती बुजली फक्त मुलींसाठी वेगळं बांधलं तिथे. तीच शाळा, तीच वीट, आणि चौथी ते आठवीच्या दरम्यान कुठेतरी एका पाटीची किंमत अचानक वाढते. आपल्याकडचं हायस्कूल बहुधा पाचवी ते दहावी, म्हणजे ही वळणाची रेघ नेमकी त्याच्या अंगणातून जाते.

उलट बाजूचाही एक आकडा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नेपाळात चितवनला, म्हणजे आपल्या ताडोबासारख्याच वाघांच्या मुलखात, दोन संशोधकांनी मुलींच्या हजेरीचा हिशेब ठेवला. पाळीमुळे शाळा बुडते ती किती? 180 दिवसांच्या वर्षात सरासरी अर्धा दिवसदेखील नाही. मुली येतात. सोसून येतात. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने सकाळी निघालेली मुलगी संध्याकाळी घरी पोहोचते, तोवरचे तास ती कसे काढते हे हजेरीपटावर उमटत नाही. सोसण्याची किंमत 1989 च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिसते. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली होती. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. अंगावर काढायची सवय बाईला चाळिशीत लागत नाही. ती शाळेच्या वयात लागते.

मग एकत्रवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ का? नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात 2017 साली रांगांचं गणित मांडलं गेलं. गर्दीच्या ठिकाणी नेहमीच्या रचनेत बायकांना सहा मिनिटांहून जास्त थांबावं लागतं, पुरुषांना काही सेकंद. सगळी दारं सगळ्यांना खुली केली की बायकांचा वेळ दीड मिनिटावर येतो आणि पुरुषांना मिनिटभर थांबावं लागतं. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीत हा फरक केवढा! शिवाय वेगळ्या पाट्यांच्या जगात एक मूल कुठेच बसत नाही. मुलगा म्हणून नाव नोंदलेलं, पण स्वतःला मुलगी मानणारं मूल नववीत कुठल्या दारात जाईल? बहुतेकदा ते घरी जाईपर्यंत रोखून धरतं. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांना मान्यता दिली, 2019 मध्ये कायदाही आला. 2021 मध्ये एनसीईआरटीने अशा मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. त्यात लिंगनिरपेक्ष सोयींचा विषय होता. बाल हक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि पुस्तिका संकेतस्थळावरून उतरली. चर्चा व्हायच्या आतच विषय संपला. हे मात्र बरं झालं नाही.

इंग्लंडच्या 2012 च्या शाळा-नियमात या गुंत्याची गाठ एका वाक्यात सोडवली आहे. आठ वर्षांच्या आणि त्यावरच्या मुलामुलींना वेगळी सोय हवीच, अपवाद एकच: आतून बंद होणारी आणि एका वेळी एकानेच वापरायची खोली. तशी खोली असेल तर पाटी नको. आमच्या बल्लारशाच्या डब्यातलंच तत्त्व, फक्त कायद्याच्या भाषेत.

आणि आश्चर्य म्हणजे अशी खोली आपल्या अनेक शाळांत आधीच उभी आहे. अपंग विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह: उताराची वाट, रुंद दार, बाजूला धरायला दांडा, चारही बाजूंनी बंद. ती मुलांची नाही, मुलींची नाही. जो येईल त्याची. शाळेतलं पहिलं एकत्र स्वच्छतागृह आपण कधीच बांधून बसलो आणि कुणी मोर्चा काढला नाही. पण कित्येकदा या खोलीला कुलूप असतं, किंवा आत खडूची खोकी आणि मोडकी बाकं.

माझं मत स्पष्ट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हायस्कुलांत आज दारावरच्या पाट्या पुसायच्या नाहीत. पाचवीपासून मुलींची जागा वेगळीच हवी, आणि पोरांच्या मुताऱ्यांनाही मध्ये आडभिंती हव्यात. लाज काही फक्त मुलींनाच येत नाही. सरकारी निकषात चाळीस विद्यार्थ्यांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या आहेत, तेवढं तरी पुरं करावं. त्याखेरीज प्रत्येक शाळेत एक खोली बिनपाटीची असावी: नळ आत, आरसा आत, झाकणाची बादली आत, खुंटी दप्तर अडकवण्याइतकी मजबूत. पाळी आलेली मुलगी, कुबडी घेतलेला मुलगा, कुठल्याच पाटीत न बसणारं मूल, सगळ्यांना ती खुली. कोण का गेलं हे विचारायचं नाही. आश्रमशाळेत मुलं-मुली तिथेच राहतात, त्यामुळे तिथे तर ही खोली रात्रीही उघडी हवी आणि तिच्यात दिवा हवा. चावी अधीक्षिकेच्या कमरेला नको.

शाळा व्यवस्थापन समितीवर तुम्ही असाल, तर पुढच्या सभेला जाताना अहवाल वाचण्याआधी एक काम करा. मुलींच्या स्वच्छतागृहात एखाद्या बाई-सदस्याला पाठवा, अपंगांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप उघडायला लावा, आणि तीनच गोष्टी बघून या: कडी लागते का, पाणी येतं का, आणि बाहेरून आतलं दिसतं का.