घडीच्या शय्येचा इतिहास आणि वनप्रदेशातील निवासाचा प्रश्न

प्रस्तावना

मनुष्य आयुष्याचा सुमारे एकतृतीयांश काळ निद्रेत घालवितो. परंतु ज्या जागेवर तो रात्री झोपतो, तीच जागा दिवसा अन्य कामांसाठी हवी असते. लहान घरातील या अडचणीतून जागा वाचविणाऱ्या शय्येचा जन्म झाला. या विषयावरील लेखन बहुधा पाश्चात्त्य भिंतपलंगापासून सुरू होते व तेथेच संपते. वस्तुतः शय्येची जागा मोकळी करण्याच्या तीन पद्धती दिसतात : गुंडाळणे, उभे करणे आणि घडी घालणे. प्रस्तुत लेखात या तीन पद्धतींचा आढावा घेऊन गडचिरोली व चंद्रपूर या वनजिल्ह्यांच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन केले आहे.

१. गुंडाळणे : वळकटी

चटई, घोंगडी, वाकळ किंवा गोधडी रात्री अंथरावी आणि सकाळी वळकटी करून कोपऱ्यात ठेवावी, ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित रीत आहे. मुंबईतील चाळींचे जीवन तिच्यावरच उभे राहिले. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तेथील खोली साधारणतः १६० चौरस फुटांची होती. एवढ्या जागेत पलंग मांडला असता तर दिवसा वावरणेच अशक्य झाले असते. वळकटीला खर्च नाही, यंत्रणा नाही, भिंतीचा आधारही नको. मात्र तिची एक मर्यादा आहे : झोपणारा जमिनीवरच राहतो.

२. उभे करणे : बाज

दोरीने विणलेली बाज ही मर्यादा दूर करते. १४ व्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने येथील खाटा इतक्या हलक्या असतात की एक माणूस त्या उचलून नेऊ शकतो, असे नमूद केले आहे. दिवसा बाज भिंतीला उभी टेकविता येते वा अंगणात नेता येते. सैल पडलेली दोरी घरच्या घरी ताणता येते. उंची आणि हलकेपणा यांचा असा मेळ क्वचितच आढळतो. परंतु एका खोलीत वीस-पंचवीस जण झोपत असतील, तर तितक्या बाजा उभ्या करण्यास भिंती अपुऱ्या पडतात.

३. घडी घालणे : यंत्रणेचा प्रवेश

घडीच्या शय्येची कल्पना प्राचीन आहे. १९२२ मध्ये उघडकीस आलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात बिजागऱ्यांवर तीन भागांत दुमडणारा लाकडी पलंग सापडला. ही सोय प्रवासासाठी होती. राजाला जागेची टंचाई नव्हती. ब्रिटिश काळात लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांत तंबूबरोबर दुमडती खाट असे, तीही याच परंपरेतील होय.

औद्योगिक शहरांत या कल्पनेचे प्रयोजन बदलले. सारा गूड या शिकागो येथील फर्निचर व्यावसायिक महिलेस १४ जुलै १८८५ रोजी कपाटरूपी घडीच्या पलंगाचे पेटंट मिळाले. हा पलंग मिटला की त्याचे लिहिण्याचे मेज होत असे. २० व्या शतकाच्या प्रारंभी सॅन फ्रान्सिस्को येथील विल्यम मर्फी यांनी भिंतीतील कपाटात उभा मिटणारा पलंग लोकप्रिय केला. अशा पलंगाचा भार स्प्रिंगांनी तोललेला असल्याने तो थोड्या श्रमाने उचलता येतो. पुढे ‘मर्फी बेड’ हे नाव इतके रूढ झाले की १९८९ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने ते सर्वसामान्य नाम ठरविले.

४. वनप्रदेशाचा संदर्भ

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या परिसरात शय्येची उंची ही केवळ सुखसोयीची बाब नाही. मण्यार हा निशाचर विषारी सर्प भक्ष्याच्या शोधात घरांत शिरतो आणि त्याचे दंश प्रामुख्याने जमिनीवर झोपलेल्यांना होतात. दंशाची वेदना अत्यल्प असल्याने झोपमोडही होत नाही. पोटदुखी, जड झालेल्या पापण्या व श्वासाचा त्रास जाणवू लागेपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. शिवाय हिवतापाचा भार या जिल्ह्यावर दीर्घकाळ राहिला आहे. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन्ही संकटांपासून मोठे संरक्षण देतात.

ज्या आश्रमशाळेत वा वसतिगृहात दिवसाचा वर्ग हाच रात्रीचा शयनकक्ष असतो, तेथे हा प्रश्न तीव्र होतो. कायमच्या खाटा मांडल्यास वर्ग भरत नाही. वळकटी वापरल्यास मुले जमिनीवर झोपतात. भिंतपलंगही उपयोगी नाही, कारण त्याचा ओढा भिंतीवर येतो आणि बांबूच्या कुडाला माती लिंपून केलेली भिंत तो पेलू शकत नाही. पक्क्या इमारतीतही त्याचा खर्च परवडणारा नाही. उरते ती कैचीसारख्या पायांची, कापडाची वा नवारीची, एकावर एक रचता येणारी हलकी खाट.

तिचा सांगाडा स्थानिक बांबूचा होऊ शकेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. अर्थात बांबू खिळ्याने चिरतो. म्हणून पेराजवळ छिद्र पाडून खुंटी बसविणे, सांधा दोरीने वा धातूच्या पट्टीने आवळणे आणि भुंगेऱ्यापासून रक्षणासाठी बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया करणे आवश्यक ठरते.

समारोप

जागा वाचविणारी शय्या म्हणजे शहरी चैनीची वस्तू, ही समजूत अपुरी आहे. वळकटीने जागा वाचविली, पण उंची गमावली. बाजेने उंची राखली, पण ती दाटीच्या खोलीत अपुरी पडली. घडीच्या खाटेने दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. सारा गूड यांच्या पलंगाने रात्रीची शय्या आणि दिवसाचे मेज एकाच जागेत बसविले. वर्गातच झोपणाऱ्या विद्यार्थ्याची गरज याहून निराळी नाही. म्हणून वसतिगृहाची क्षमता ठरविताना किती मुले खोलीत मावतात एवढेच न पाहता, किती मुले जमिनीपासून वर झोपू शकतात, हाही निकष मानला जाणे अगत्याचे आहे.