चौथ्या अंकाची तालीम

‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ बसवणाऱ्याची खरी परीक्षा चौथ्या अंकात, कोर्टात होते. ज्यू सावकार शायलॉक करारानुसार अँटोनिओचं एक पौंड मांस मागतो. वकिलाच्या वेशातली पोर्शिया त्याच करारात त्याला अडकवते. लंडनच्या एका हौशी नाट्यसंस्थेने हे नाटक केलं, तेव्हा मी प्रॉम्प्टर होतो. ‘यातला ज्यूद्वेष झाकायचा नाही, लोकांना दाखवायचा,’ हे दिग्दर्शिकेने पहिल्याच वाचनात सांगितलं.

शायलॉक बुटाच्या तळव्यावर सुरी परजतो. आमचा नट प्रेक्षकांकडे बघत परजायचा, तेव्हा तो निव्वळ खलनायक वाटे. दिग्दर्शिकेने त्याला पाठमोरा केला. मग दिसू लागली ती त्याला हसणारी तोंडं. शेरेबाजी करणाऱ्या अँटोनिओच्या मित्राला, ग्रॅशिआनोला, तिने थेट प्रेक्षकांत बसवलं. टोमणा शेजारच्या खुर्चीतून आला की हसू तिथंच विरतं.

शेवटी शायलॉकची अर्धी संपत्ती जाते आणि ख्रिस्ती होण्याची सक्ती होते. याला तिथे दया म्हणतात! त्यावर तो एवढंच म्हणतो की बरं वाटत नाही, जाऊ द्या. त्याआधीचा विराम किती लांबवायचा, यावर अख्खी तालीम गेली. ‘नट कितीही गप्प राहिला तरी वाक्य पुरवायचं नाही,’ अशी मला ताकीद होती.

नाटकातल्या या द्वेषामागे इतिहास आहे. इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं होतं. त्यानंतर तीन शतकांनी शेक्सपिअरने हे नाटक लिहिलं, तेव्हाही त्यांना तिथे उघडपणे राहता येत नव्हतं. १९४३ मध्ये नाझी अमलाखालच्या व्हिएन्नात वेर्नर क्राउसने बुर्गथिएटरमध्ये शायलॉक रंगवला तो किळस यावी असा. शहरातले बहुतेक ज्यू तोवर पळाले होते किंवा छळछावण्यांत धाडले गेले होते. २०१६ मध्ये व्हेनिसच्या घेट्टोला, म्हणजे ज्यूंच्या सक्तीच्या वस्तीला, ५०० वर्षं झाली. तेव्हा तिथल्याच चौकात हे नाटक झालं आणि पाच कलाकारांनी आळीपाळीने शायलॉक केला. अभिनेत्री ट्रेसी-ॲन ओबरमन यांनी २०२३ मध्ये शायलॉकला १९३६ च्या लंडनमधली विधवा केलं आणि समोर ब्रिटिश फॅसिस्ट नेता मोस्लीचे अनुयायी उभे केले.

नाटक तेच, पण द्वेषाच्या हाती पडलं की हत्यार होतं आणि जाणत्याच्या हाती पुरावा. म्हणून ते बंद पाडू नये. मात्र करायचं तर धर्मांतराची अट गाळू नये आणि तो निकाल घाईने उरकू नये. अन्याय तिथेच घडतो, तो प्रेक्षकांनी पुरता पाहिलाच पाहिजे.